चैत्रात गळ टाकायचा तर आधी वारा पाहा

मोहफुलं पडू लागली की मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या गावतळ्याचं, पाणी मागे सरतं आणि गळ टाकून तासन्‌तास बसलं तरी दोरी हलत नाही. बहुतेकदा बसायची जागाच चुकलेली असते.

उजाडताच चिमूटभर वाळलं गवत हवेत सोडा. ते ज्या काठाकडे उडेल, तिथे बसा. पाण्यात पडलेले किडे वाऱ्यानं तिकडेच जमतात, मागोमाग मासा येतो. मरळ हवी असेल तर कमळाच्या पानांच्या कडेला नजर ठेवा. ती हवा घ्यायला वर येते, पाण्यावर 'बुडुक' होतं. गळ त्याच्या हातभर पुढे टाका. ऊन तापलं की मासा खोल जातो, तेव्हा उठा.

काठावरचा भेगाळलेला गाळ वरून कडक दिसतो, आत गुडघाभर पाय जातो. काठी टेकवूनच पुढे व्हा.