सवलत मंजूर, घंटा मात्र तीच: शालेय परीक्षा आखताना या चुका टाळा

सत्र परीक्षेच्या तयारीचा क्रम बहुतेक शाळांत ठरलेला असतो. आधी विषय आणि तारखा, मग बैठक व्यवस्था, मग पर्यवेक्षणाच्या पाळ्या. सगळं फलकावर लागल्यावर स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारतं, "अहो, नववी ब मधल्या त्या मुलाचं काय करायचं?" परीक्षा विभाग सांभाळताना मीही कितीतरी वर्षं असंच केलं. आता दिव्यांगत्वामुळे किंवा आजारामुळे परीक्षेत सवलत लागणाऱ्या मुलांची यादी आधी करतो आणि वेळापत्रक नंतर. हा एक क्रम बदलला की पुढची निम्मी धावपळ वाचते.

वाढीव वेळेला जागाच न ठेवणं

अशा मुलांना तासाला २० मिनिटं जादा, हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणजे ८० गुणांच्या तीन तासांच्या पेपरला तासभर जादा आणि ४० गुणांच्या दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. पण वेळापत्रकात ११ ते २ मराठी आणि ३ ते ५ बीजगणित असेल, तर या मुलाचा मराठीचा पेपर सुटतो ३ वाजता. त्याने डबा कधी खायचा? जादा वेळ दिला खरा, पण तो त्याच्याच मधल्या सुट्टीतून कापून. ज्या इयत्तेत असं मूल आहे, तिथे मोठा पेपर दिवसाला एकच ठेवा. ते जमत नसेल तर लहान पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या.

दुसरी अडचण घंटेची. दोन वाजता शिपाईमामा टोल देतात, शाळा सुटते, व्हरांड्यात गलका होतो, आणि नव्याने पाळीवर आलेले पर्यवेक्षक सवयीने उत्तरपत्रिका गोळा करायला लागतात. हे आपल्याकडेच होतं असं नाही. २०२१ च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया (हाताने लिहिण्यातली अडचण) असलेल्या एका विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका, हक्काचा जादा तास न देता, इतरांबरोबरच काढून घेतली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. चूक झाल्याचं न्यायालयाने मान्य केलं, पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. नियम होता, केंद्रावरच्या माणसांपर्यंत तो पोचला नव्हता.

उपाय साधा आहे. त्या खोलीच्या दारावर आतून एक कागद लावा: पेपर सुरू, नेहमीची वेळ संपते, वाढीव वेळ संपते. तिन्ही वेळा घड्याळाप्रमाणे लिहा, "अधिक ६० मिनिटं" असं मोघम नको. खोली मैदान आणि सायकल स्टँडपासून लांबची निवडा. शक्यतो तळमजल्यावरची, स्वच्छतागृहाजवळची.

लेखनिक आदल्या दिवशी शोधणं

बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक, म्हणजे मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा, परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. शाळेतही आपण तेच करतो, आणि तिथेच अडकतो. कारण दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या वेळी नववीची चाचणी लावलेली असते, मग लेखनिकाने स्वतःचा पेपर कधी द्यायचा? दोन्ही इयत्तांच्या वेळा वेगळ्या ठेवा, आणि एक राखीव लेखनिक नेमून ठेवा. ऐन पेपरला ताप येणारा लेखनिक मी पाहिला आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जोडीचा सराव. सांगून लिहून घेणं ही वेगळीच कला आहे. "ऱ्हस्व की दीर्घ?" असं लेखनिकाने दर ओळीला विचारलं तर जादा तास तिथेच संपतो. भूमितीची आकृती तोंडी सांगून पाहा, म्हणजे कळेल. घटक चाचणीपासून तीच जोडी बसवा. लेखनिकाला पालकांसमोर एकदा नीट समजावा: सांगेल तेच लिहायचं, सुचवायचं नाही, सुधारायचं नाही. बोलून लिहायचं असल्यामुळे प्रत्येक जोडीला स्वतंत्र खोली हवी. एका वर्गात तीन जोड्या बसवल्या तर तो पेपर राहत नाही, बाजार होतो.

दाखल्याची वाट पाहत बसणं

बोर्डाच्या सवलतीसाठी दाखला आणि शाळेमार्फत प्रस्ताव लागतोच. अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीच्या) दाखल्यासाठी मुंबईत सायन, नायर यांसारख्या रुग्णालयांत तपासण्यांच्या फेऱ्या होतात. दहावीच्या दिवाळीनंतर जागं होणाऱ्या पालकांची यात दमछाक होते. म्हणून आठवी-नववीतच सुरुवात करा. मात्र शाळेच्या स्वतःच्या परीक्षेत, कागद येईपर्यंत मुलाला ताटकळत ठेवायचं कारण नाही. "दिव्यांगत्व चाळीस टक्के भरत नाही" हे वाक्यही जपून वापरा. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराला ही अट न लावता लेखनिक मंजूर केला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यांत आहे.

प्रश्नपत्रिका फक्त झेरॉक्सवर मोठी करणं

ए-फोरची ए-थ्री केली की १२ पॉइंटचं अक्षर १७ पॉइंटचं होतं, हे बरोबर. पण तो ताव बाकावर मावत नाही, आणि मूळ छपाई फिकट असेल तर फिकेपणाही मोठा होतो. मूळ फाइलमध्येच अक्षर १८ पॉइंट करून ए-फोरवर छापा. भूगोलाचा नकाशा काळ्या जाड रेषांत काढा. दृष्टिहीन मुलासाठी नकाशाऐवजी तेवढ्याच गुणांचा पर्यायी प्रश्न आधीच काढून घ्या. पेपर सुरू झाल्यावर विषयशिक्षकांना शोधत फिरण्याची वेळ येऊ नये.

बारीकसारीक

वर्गात सगळ्यांसमोर "सवलतवाले उभे राहा" असं म्हणू नका. मधुमेह असलेल्या मुलाच्या बाकावर पाणी आणि बिस्किटं ठेवायला परवानगी आहे, हे पर्यवेक्षकाच्या आदेशातच लिहा, नाहीतर कॉपीच्या संशयात पुडा जप्त होतो.

आणि एक चूक माझ्या हातून झालेली. विज्ञानाच्या पेपरात प्रश्न चारमध्ये छपाईची चूक निघाली. मी अकरा वर्गांत फिरून दुरुस्ती सांगितली. बारावी खोली, लेखनिकाची, तेवढी राहिली. ती बैठक तक्त्यात नव्हतीच. ती मुलगी चुकीच्या आकड्याशी वीस मिनिटं झुंजत होती. ते गुण आम्ही दिले, वीस मिनिटं कुठून देणार? आता ती खोली तक्त्यात पहिल्या क्रमांकावर असते आणि दुरुस्ती सांगायची सुरुवात तिथूनच होते.