कॅमेरा एसीतून आधी काढा, मग बाकीची तयारी

उष्ण प्रदेशातल्या समुद्रकिनारी पहाटे एकट्यानं फोटो काढत फिरायचं असेल, तर यादीत सगळ्यात वर एकच गोष्ट लिहा: कॅमेरा आदल्या रात्रीच एसीच्या खोलीतून बाहेर काढून ठेवायचा. बॅटऱ्या, कार्ड, पाणी, टोपी यांची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. हे मात्र हमखास राहतं. मागच्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं आणि अख्खी पहाट हातातून गेली, म्हणून आज हे लिहून ठेवतेय.

कारण नीट समजून घ्या, म्हणजे लक्षात राहील. रात्रभर एसीत पडलेला कॅमेरा २२-२३ अंशांवर आलेला असतो. बाहेरची हवा पहाटेसुद्धा इतकी दमट असते की तेवढ्या थंड वस्तूवर लगेच दव धरतं. पिशवीतून काढल्या काढल्या लेन्स पांढरी होते. फडक्यानं पुसली की क्षणभर स्वच्छ, आणि बघता बघता कडेपासून परत धुरकट, कारण काच अजून थंडच आहे. पुसून काही होत नाही, काच तापायलाच लागते. त्याला अर्धा तास सहज जातो, आणि लेन्स मोठी, जड काचांची असेल तर त्याहून जास्त. घाईघाईनं लेन्स काढून आत काय झालंय ते बघायला तर मुळीच जाऊ नका. तीच दमट हवा थेट सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागावर जाते.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ उभा वर येतो. फोटो काढण्याइतकं उजाडल्यापासून सूर्य डोकं वर काढेपर्यंत २०-२५ मिनिटं मिळतात. म्हणजे लेन्स निवळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ ते रंग आकाशात असतात. तुम्ही फडकं घेऊन उभे, आणि समोर सगळं घडून संपलेलं. तिथे पोचल्यावर करण्यासारखं काहीच नसतं, जे करायचं ते रात्रीच.

करायचं कसं? जिथे एसी पोचत नाही अशा सुरक्षित जागी ठेवा. खोलीतलं कपाट चालणार नाही, तेही खोलीइतकंच थंड होतं. अशी जागा नसेल तर कॅमेरा आणि लेन्स घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतली हवा दाबून काढा, आणि उठल्या उठल्या ती बंद पिशवी बाहेरच्या उबेत ठेवा. दव धरेल ते पिशवीला, कॅमेऱ्याला नाही. पिशवी उघडायची ती आतली वस्तू हाताला गार लागेनाशी झाल्यावरच. आणि ही पिशवी गादीवाल्या कॅमेरा बॅगेत कोंबू नका, तिथे गारवा टिकून राहतो, उघड्यावर ठेवा. सिलिका जेलच्या पुड्यांवर विसंबू नका. त्या बॅगेतला ओलावा शोषतात, काच गरम करत नाहीत. दुसरी लेन्स नेणार असाल तर तीही बाहेर. मोबाइलवरच काढणार असाल तरी हेच, त्याच्याही लेन्सवर दव धरतं.

वाट आदल्या दिवशी उन्हात, कॅमेऱ्याशिवाय एकदा चालून या. कुठे दगड शेवाळलेले आहेत, कुठे खाडीचं पाणी आडवं येतं, हे अंधारात कळत नाही. सूर्य नेमका कुठून येणार ते ॲपमध्ये तुमच्या तारखेला बघा. जूनच्या शेवटी तो पूर्वेच्या बराच उत्तरेकडे, तर डिसेंबरच्या शेवटी तेवढाच दक्षिणेकडे उगवतो. विषुववृत्ताजवळ हा फरक दोन्ही बाजूंना २३ अंशांच्या घरात जातो. कोणाच्या फोटोत सूर्य सुळक्याच्या बरोब्बर मागून आला म्हणून तुम्हालाही तो तिथेच मिळेल असं धरून चालू नका. किनारा पश्चिमेला तोंड करून असेल तर पहाटेचा सूर्य तुमच्या पाठीशी येणार हेही आधीच मनाशी पक्कं करा.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्याच किनाऱ्याचं किंवा अगदी जवळच्या बंदराचं घ्या. बहुतेक ठिकाणी दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. कालची वेळ आज चालत नाही. पाणी उतरत असताना निघा. ओल्या वाळूवर आकाशाचं प्रतिबिंब पडतं ते तेव्हाच, आणि दगडांतली डबकीही तेव्हाच उघडी पडतात. खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जाणार असाल तर परत कधी फिरायचं ती वेळ घड्याळात लावून ठेवा. पाणी सारख्या वेगानं चढत नाही: भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी चढतं. सुरुवातीच्या संथपणावर जाऊन अजून वेळ आहे म्हणत थांबलेली माणसं अडकतात ती यामुळेच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा जास्तच जपून. आणि पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही. ट्रायपॉड लावण्याआधी पाच-दहा मिनिटं नुसत्या लाटा बघा. मधूनच एखादी बाकीच्यांपेक्षा कितीतरी आत येते.

ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत आधीच दाबून बसवा, नाहीतर लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि लांब एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या फोटोत, सगळं हललेलं येतं. लेन्स खोलीतच ठरवून लावा, किनाऱ्यावर बदलू नका. वाळू आणि खारा तुषार यांना तेवढी एक फट पुरते. कोरडी फडकी दोन-तीन ठेवा, कारण एकदा खारं झालेलं फडकं पुढे फक्त मीठ पसरवतं. सनस्क्रीन निघण्याआधी लावा आणि हात धुऊन मगच कॅमेऱ्याला हात लावा. पांढऱ्या वाळूला कॅमेरा करडी करतो, तेव्हा एक्स्पोजर एखाद्या स्टॉपनं (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवून हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख, बघा.

माणसांचे फोटो विचारून. जाळं ओढणाऱ्यांच्या मधे जाऊ नका, दोरावर ताण असतो आणि त्यांचं काम चाललेलं असतं. मुलांचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय नाहीच. कासवं अंडी घालायला येत असतील तर फ्लॅश नाही, विजेरीही नाही. उजेडानं ती बिचकून अंडी न घालताच परत फिरतात. माडाखाली सामान मांडून बसू नका. ड्रोनचे नियम देशोदेशी वेगळे, ते निघण्याआधी वाचा.

उन्हं वर आली की माणसांचे फोटो थांबवा, डोळ्यांत काळ्या सावल्या पडतात. पण उथळ पाण्याचा निळा-हिरवा रंग याच वेळी खुलतो. लेन्सवर पोलरायझर हा फिल्टर लावून थोड्या उंचीवरून बघा, पाण्यावरची चकाकी निघून तळ दिसतो.

आणि आता परत तेच सांगते. मधे कंटाळून कुठे एसीत बसलात, एसीच्या गाडीत बसलात, तर कॅमेरा बाहेर काढून टेबलावर किंवा मांडीवर ठेवू नका. आत शिरण्याआधी पिशवीत घालून बंद करा आणि बाहेर आल्यावर थोडा वेळ तशीच राहू द्या. संध्याकाळची फेरी वाया जाते ती अशीच: दुपारभर एसीत ठेवला आणि सूर्य टेकल्यावर काढला. सूर्यास्तही तेवढाच झटपट उरकतो. निदान तासभर आधी बाहेर.

परतल्यावर ट्रायपॉड गोड्या पाण्याखाली धरा, पाय उघडून. कॅमेरा किंचित ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं. कार्ड रिकामं करा, बॅटऱ्या चार्जिंगला लावा. उद्या परत जायचं असेल तर झोपण्याआधी कॅमेरा एसीबाहेर.