एक पडदा, दोन प्रवासी, दोन दृश्यं: ध्रुवित प्रकाशाचा प्रयोग घरच्या घरी

एलसीडी पडद्याच्या मागे एक आणि पुढे एक अशा दोन पोलरॉइड फिल्म असतात. पोलरॉइड फिल्म एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश पुढे सोडते. पुढची फिल्म सोलून काढली की पडदा नुसता पांढरा उजळतो, चित्र गायब. तीच फिल्म चष्म्यात बसवली की चष्मा घातलेल्याला चित्र पुन्हा दिसतं, आणि ती 90 अंशांत फिरवली तर त्याच चित्राची निगेटिव्ह. गाडीतल्या दोन प्रवाशांना दोन वेगळी दृश्यं आणि चालकाला काहीच नाही, हे सगळं यावर उभं आहे. प्रयोग मात्र उभ्या गाडीतच करायचा.

जुना टीएन (ट्विस्टेड नेमॅटिक, एलसीडीचा एक प्रकार) पॅनेलचा मॉनिटर घ्या. त्यातल्या फिल्म बहुधा 45 अंशांत तिरक्या असतात आणि आपल्याला तेच हवंय. वायर काढून तो काही तास तसाच ठेवा. जुन्या ट्यूबवाल्या बॅकलाइटच्या (पडद्यामागच्या दिव्याच्या) सर्किटमध्ये मोठा व्होल्टेज असतो. पुढच्या फिल्मचा कोपरा ब्लेडने उचला आणि काचेला जवळजवळ समांतर धरून हळूहळू ओढा. काच फार पातळ असते, घाई केली की तडकते. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मागच्या फिल्मला हात लावू नका.

आता दोन चष्मे. एका चष्म्याच्या दोन्ही काचांना फिल्म एकाच दिशेने लावायची, दुसऱ्या चष्म्याला त्याच्या काटकोनात. थ्रीडी सिनेमात दोन डोळ्यांना वेगळं दिसतं, इथे दोन माणसांना. अनेक मल्टिप्लेक्समधले थ्रीडी चष्मे इथे उपयोगाचे नाहीत, कारण त्यांचं ध्रुवीकरण वर्तुळाकार असतं, म्हणजे त्यात कंपनाची दिशा एकच न राहता गोल फिरत राहते.

चित्र शुद्ध काळं-पांढरं ठेवा, मोठा बाण किंवा अक्षरं. एकाला काळ्यावर पांढरा बाण दिसेल, दुसऱ्याला पांढऱ्यावर काळा. मान ताठ हवी: 10 अंश कलली तर दुसऱ्याचं चित्र सुमारे 3 टक्के झिरपतं, 20 अंशांना जवळजवळ 12 टक्के, 45 अंशांना निम्मं.

पूर्णपणे वेगळी दोन चित्रं हवी असतील तर दुसरा पॅनेल लागतो. मागचा पॅनेल दोन्ही फिल्मसकट ठेवायचा, पुढच्याच्या दोन्ही फिल्म काढायच्या. मागचा प्रत्येक ठिपक्याला एकूण किती प्रकाश द्यायचा ते ठरवतो, पुढचा तो दोन चष्म्यांत वाटून देतो. पण मग उघड्या डोळ्यांना दोन्ही चित्रांची सरमिसळ दिसते. म्हणून चालकापासून लपवायचं असेल तर मी एकाच पॅनेलवर थांबेन.

शेवटी चालकाच्या सीटवर बसा आणि तिथे वेळ घाला. आधी उघड्या डोळ्यांनी बघा. मग चकाकी कापणारा पोलराइज्ड गॉगल घालून. हे गॉगल उभा ध्रुवित प्रकाश आत घेतात, त्यामुळे फिल्म उभ्या-आडव्या असत्या तर चालकाला चित्र स्पष्ट दिसलं असतं. 45 अंशांच्या दोन्ही दिशांतून त्याच्यापर्यंत सारखाच, निम्मा प्रकाश येतो आणि पडदा कोराच राहतो. मग विंडस्क्रीनमधलं प्रतिबिंब बघा. तिरपी काच स्वतःच पोलरॉइडसारखी वागते. 1808 मध्ये पॅरिसला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ मालुसला हे लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेल्या सूर्यप्रकाशात कळलं. काचेत बाण उमटताना दिसला तर पडदा थोडा फिरवून तो पुसट होईपर्यंत जुळवा.

चित्र नसलं तरी पांढरा उजेड असतोच, आणि अंधारात तो डोळ्यांवर येतो. ब्राइटनेस अगदी कमी ठेवा आणि पडदा पुढच्या सीटच्या पाठीला, मागे तोंड करून लावा.