रापा नुईचे टिपण: ‘आपण’ आणि ‘आम्ही’ कसे नोंदवावेत

रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटाची पॉलिनेशियन भाषा, टिपायची असेल, तर प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारावे लागले तरी तक्ता मराठीतच आखावा. स्पॅनिशच्या ‘नोसोत्रोस’मध्ये आणि हिंदीच्या ‘हम’मध्ये ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हे कळत नाही. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत. बडोद्यात शेजारी जी गुजराती कानावर पडते, तिच्यातही ‘आपणे’ आणि ‘अमे’ आहेत. रापा नुईत ‘तातोउ’ म्हणजे आपण आणि ‘मातोउ’ म्हणजे आम्ही. केवळ दोघांपुरते बोलायचे असल्यास ‘ताउआ’ आणि ‘माउआ’ ही आणखी दोन रूपे येतात. म्हणून तक्त्यात चार ओळी ठेवाव्यात.

सराव घरीच करावा. दांडिया बाजारातल्या घरी मी आजीला विचारले, ‘उद्या सुरसागरला कोण जाणार?’ मामीकडे हात करून ती म्हणाली, ‘आम्ही जाणार’; थोड्या वेळाने मामी आत गेल्यावर मला म्हणाली, ‘बरं, आपण जाऊ.’ सवयीने मी दोन्ही उत्तरांपुढे ‘हम’ लिहिले होते आणि संध्याकाळी कोणते उत्तर कोणते, हे मलाच सांगता येईना. तेव्हापासून मी शब्दाचे भाषांतर मागत नाही. बोलणारा, ऐकणारा आणि सोबतची माणसे दाखवणारे चित्र समोर ठेवून वाक्य बोलायला सांगतो, आणि तोच प्रसंग दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो.

देवनागरीत लिहिताना ‘तङाता’ (माणूस) या शब्दातला ‘ङ’ तसाच ठेवावा. ‘तंगाता’ लिहिले की ‘अंगण’सारखा ‘ग’ ऐकू येतो, जो तिथे नाही. घशात क्षणभर अडणारा श्वास हे त्या भाषेत व्यंजन आहे. त्यासाठी अवग्रह वापरू नये, कारण मराठी वाचक तो लांबवून वाचतो. एकेरी अवतरणचिन्ह बरे. ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व-दीर्घ आपल्या लिपीत दिसत नाही, म्हणून दीर्घ असल्यास अक्षरापुढे तोच स्वर पुन्हा लिहावा.

इतकी काळजी का घ्यायची, हे बेटाचा इतिहास सांगतो. १८६२ साली पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी माणसे पळवून नेली, पाठोपाठ रोगराई आली, आणि १८७७ साली बेटावर अवघे १११ रहिवासी उरले. १८८८ साली बेट चिलीने ताब्यात घेतले आणि कालांतराने स्पॅनिश शाळेतून घराघरांत शिरली. त्यामुळे तरुणाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्पॅनिशच्या वळणाने येऊ शकते. दोन वृद्ध माणसांची परवानगी घेऊन, त्यांचे आपसातले बोलणे आधी ध्वनिमुद्रित करावे आणि तक्ता त्यानंतर उघडावा.