वायफाय जोडणीतील विलंब कमी करताना
खानापूर-निपाणीकडच्या जाड भिंतींच्या घरांत वायफाय जोडताना उपकरण रेंगाळले, की दोष इंटरनेट कंपनीला दिला जातो. वास्तविक तो वेळ पुष्कळदा उपकरणाच्या स्वतःच्या कामात जातो. आधी ते एकेक चॅनेल (वायफाय लहरींचा ठरलेला मार्ग) तपासते, मग डब्ल्यूपीए२ या वायफाय-सुरक्षेच्या पद्धतीत पासवर्डवर ४०९६ वेळा गणित करून गुप्त सांकेतिक किल्ली बनवते आणि शेवटी राउटरकडे आयपी पत्ता (नेटवर्कमधला आपला ओळखक्रमांक) मागते. हे गणित नव्या फोनला जाणवतही नाही, पण स्वस्त स्मार्ट प्लगला (वायफायवरून चालू-बंद करता येणाऱ्या प्लगला) जड जाते. म्हणून तो घाईने बंद-चालू करू नये. नेटवर्कचे नाव लपवू नये (त्याने सुरक्षितता फारशी वाढत नाही, शोध मात्र लांबतो). वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडावा आणि एकाच जागी राहणाऱ्या उपकरणाला, राउटर इतरांना वाटून देतो त्या पत्त्यांबाहेरचा, स्थिर (न बदलणारा) आयपी पत्ता द्यावा, म्हणजे तो दर वेळी मागावा लागत नाही.