मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये कमी कर्बोदकांचा आहार आणि अंडी: सुरुवात कशी करावी, कोलेस्टेरॉलचा अहवाल कसा वाचावा

मेटाबॉलिक सिंड्रोमचे निदान झाले की अंड्यांविषयी दोन सल्ले हमखास कानावर येतात. एक सांगतो, पिवळा बलक टाकून द्या. दुसरा सांगतो, हवी तितकी अंडी खा, कोलेस्टेरॉलची भीती आता जुनी झाली. आहारसल्ल्याच्या कामात मी अनेकांना हा आहार सुरू करून दिला आहे आणि दोन्ही सल्ले सारखेच निरुपयोगी आहेत असे माझे ठाम मत आहे, कारण ते देणाऱ्याने समोरच्या माणसाचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल आणि चरबीचा अहवाल, पाहिलेला नसतो.

निदान पक्के आहे असे येथे गृहीत धरले आहे. म्हणजे कंबरेचा वाढलेला घेर, १५० किंवा त्याहून अधिक ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक चरबी), पुरुषांमध्ये ४० पेक्षा आणि स्त्रियांमध्ये ५० पेक्षा कमी एचडीएल (ज्याला ‘चांगले’ कोलेस्टेरॉल म्हणतात), १३०/८५ किंवा त्याहून अधिक रक्तदाब आणि उपाशीपोटी १०० किंवा त्याहून अधिक रक्तशर्करा, या पाचांपैकी निदान तीन गोष्टी तुमच्यात आहेत. (रक्ततपासणीचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.) आहार बदलण्यापूर्वीचा लिपिड प्रोफाइल जपून ठेवा. तो नसेल तर पुढच्या अहवालाची तुलना कशाशीच करता येणार नाही.

पहिली पायरी: औषधे

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर कर्बोदके कमी करताच रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना कर्बोदके फारच कमी केल्यास शर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर विकार, होऊ शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही कधी कधी कमी करावी लागते. म्हणून डॉक्टरांशी बोलणे आहार सुरू करण्याआधी झाले पाहिजे.

दुसरी पायरी: कर्बोदके

दिवसाला १३० ग्रॅमच्या आत राहा. साखर, गोड पेये आणि मैदा पूर्ण बंद करा, धान्याचे प्रमाण कमी करा आणि रिकामी झालेली जागा भाज्या व प्रथिनांनी भरा.

तिसरी पायरी: अंडी

एका मोठ्या अंड्यात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल, ६ ग्रॅम प्रथिने आणि साधारण दीड ग्रॅम संपृक्त चरबी असते. कर्बोदके जवळजवळ नसतात. कोलेस्टेरॉल सगळे बलकात असते, पण कोलीन, ल्युटिन आणि झियाझँथिन ही उपयुक्त पोषकद्रव्येही तेथेच असतात. शरीरातले बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते आणि आहारातून अधिक आले की बहुतेकांमध्ये हे उत्पादन कमी होते. मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये बहुधा दिसते तशा, इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात तर आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण मुळातच कमी असते. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठात मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या स्त्रीपुरुषांवर झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग नेमका याच प्रश्नावर होता. सर्वांची कर्बोदके कमी केली होती. एका गटाला १२ आठवडे रोज तीन अख्खी अंडी दिली, दुसऱ्याला बलकविरहित पर्याय. ट्रायग्लिसराइड दोन्ही गटांत उतरले, पण एचडीएलमधील वाढ अख्खी अंडी खाणाऱ्यांमध्ये अधिक होती.

या प्रयोगाच्या आधारे कोणी रोज सहा अंडी खाण्याचा सल्ला देत असेल तर तो मानू नका. बारा आठवड्यांच्या प्रयोगात हृदयविकाराचे झटके मोजले जात नाहीत. दीर्घकाळच्या निरीक्षणांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत: २०१९ मधील एका मोठ्या अमेरिकी विश्लेषणात अधिक अंड्यांचा हृदयविकाराशी संबंध दिसला, तर २०२० मधील दुसऱ्या मोठ्या विश्लेषणात दिवसाला एका अंड्यापर्यंत तसा संबंध आढळला नाही. मी दिवसाला दोन अख्ख्या अंड्यांपासून सुरुवात करायला सांगते. मधुमेह असेल किंवा एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात) आधीच वाढलेले असेल तर एकापासून. अंडी उकडून किंवा थोड्या वनस्पती तेलात करून खावीत. लोणी, साय, चीज आणि प्रक्रिया केलेले मांस यांच्या सोबतीने खाल्लेल्या अंड्यांचा हिशेब वेगळाच होतो, कारण एलडीएल वाढवण्यात संपृक्त चरबीचा वाटा आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा मोठा असतो.

चौथी पायरी: अहवाल

या कामात मला सर्वांत अधिक झगडावे लागले ते येथे, आणि लोक आहार सोडून देतात किंवा स्वतःची फसवणूक करून घेतात तेही येथेच.

पहिला प्रश्न तपासणी कधी करावी हा आहे. वजन भराभर उतरत असताना लिपिड प्रोफाइल करू नका. मोठ्या प्रमाणावर वजन घटताना चरबीच्या साठ्यांतले कोलेस्टेरॉल रक्तात येते आणि काही काळ आकडे चढलेले दिसतात. वजन स्थिरावल्यावर ते पुन्हा खाली येतात. हे १९९१ मध्येच नोंदवले गेले आहे, तरीही सहाव्या आठवड्यात घाईने केलेला अहवाल हातात घेऊन घाबरलेली माणसे मला नेहमी भेटतात. वजन तीन-चार आठवडे एका जागी राहू द्या, मग त्याच प्रयोगशाळेत, ९ ते १२ तास उपाशी राहून तपासणी करा. ताप किंवा मोठे आजारपण नुकतेच येऊन गेले असेल तर ती पुढे ढकला.

दुसरा प्रश्न कोणता आकडा पाहावा हा, आणि तो अधिक अवघड आहे. बहुतेक अहवालांतील एलडीएल प्रत्यक्ष मोजलेले नसते. ते १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढलेले असते: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्साही वजा करायचा. मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये ट्रायग्लिसराइड मुळात जास्त असते आणि या आहाराने तेच सर्वांत अधिक उतरते. समजा, आधी एकूण २१०, एचडीएल ३६ आणि ट्रायग्लिसराइड २६० होते. एलडीएल आले १२२. नंतर एकूण २१२, एचडीएल ४२ आणि ट्रायग्लिसराइड १४० झाले. एलडीएल आले १४२. वीस आकड्यांची वाढ पाहून घरचे अंडी बंद करायला सांगतात. आता एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा, म्हणजे नॉन-एचडीएल मिळेल: आधी १७४, नंतर १७०. रक्तवाहिन्यांना अपाय करणाऱ्या सर्व कणांमधील कोलेस्टेरॉल एकत्र धरले तर ते वाढलेले नाही, किंचित घटलेच आहे. म्हणून या आहारावर असताना एकट्या एलडीएलवरून निर्णय घेऊ नका. नॉन-एचडीएल काढा आणि शक्य असेल तर अॅपोबी ही तपासणी करून घ्या. अशा प्रत्येक कणावर अॅपोबी या प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे तिच्यावरून कणांची संख्या कळते.

याच्या उलट केली जाणारी पळवाटही मला मान्य नाही. ट्रायग्लिसराइड उतरले, एचडीएल वाढले, तेव्हा एलडीएल कितीही असले तरी बिघडत नाही, असे सांगणारे भरपूर आहेत. नॉन-एचडीएल किंवा अॅपोबी स्पष्टपणे वाढले असेल, तर धमन्यांवरचा भार वाढला आहे आणि कंबर कितीही कमी झाली तरी तो आपोआप नाहीसा होत नाही.

पाचवी पायरी: वाढ खरी असेल तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी लोणी, साय, खोबरेल तेल आणि चरबीयुक्त मांस काढून त्यांच्या जागी वनस्पती तेले, कवची फळे, बिया आणि मासे आणा, तंतुमय भाज्या वाढवा, अंडी तशीच राहू द्या. आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. बहुतेकांचा प्रश्न येथेच सुटतो. आकडा तरीही खाली आला नाही, तर बलक निम्मे करा आणि पुन्हा तपासा. काही थोड्या लोकांचे शरीर आहारातील कोलेस्टेरॉलला खरोखरच अधिक प्रतिसाद देते आणि ते ओळखण्याचा हाच मार्ग आहे. दोन्ही बदल एकदम केले तर दोष कशाचा होता हे कळत नाही आणि अंड्यांसारखे स्वस्त, उत्तम प्रथिन विनाकारण हातचे जाते. थायरॉइडची तपासणीही याच टप्प्यावर करून घ्या, कारण थायरॉइड मंदावले की एलडीएल वाढते.

एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा जवळच्या नातेवाइकांना तरुण वयात हृदयविकार झाला असेल, तर आहाराचे प्रयोग करत महिने घालवू नका. दोन्ही अहवाल घेऊन थेट डॉक्टरांकडे जा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) चालू असेल तर आहार कितीही चांगला चालला असला तरी ते स्वतःच्या मनाने बंद करू नका. आकडे स्थिरावल्यावर पुढची तपासणी सहा महिन्यांनी केली तरी चालते.