पोलीस ठाण्यातील बेवारस वाहन : सोडवण्याची आणि लिलावात घेण्याची कागदपत्रे

पोलीस ठाण्याच्या आवारातले वाहन तिथे कोणत्या कारणाने आले, हे मुद्देमाल कारकुनाकडून (ठाण्यातील जप्त मालाची नोंद ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याकडून) सर्वांत आधी समजून घ्यावे, कारण पुढची कागदपत्रे त्यावरच ठरतात. सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ सोडून दिल्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 नुसार उचललेल्या वाहनाच्या बाबतीत टोइंगचा खर्च व दंड मालकाला भरावा लागतो. गुन्ह्यात जप्त झालेल्या किंवा चोरीचे असल्याच्या संशयावरून ताब्यात घेतलेल्या वाहनासाठी मात्र साधारणपणे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 किंवा 503 खाली अर्ज करावा लागतो.

अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र (आरसी), विमा, ओळखपत्र आणि चोरीची फिर्याद दिली असल्यास तिची प्रत जोडावी. कर्ज बाकी असेल तर वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्रही घ्यावे. नंबरप्लेट बदललेली असू शकते, म्हणून पंचनाम्यातील चेसिस व इंजिन क्रमांक आरसीशी अक्षरशः जुळवून पाहावेत. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच स्पष्ट केले आहे की, वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही आणि योग्य बंधपत्र व हमी घेऊन ती सोडावीत. अर्जात या निकालाचा उल्लेख अवश्य करावा.

मालक अज्ञात असल्यास दंडाधिकारी जाहीरनामा काढू शकतात आणि त्या तारखेपासून सहा महिन्यांत हक्क सांगावा लागतो. त्या मुदतीत कोणी हक्क सिद्ध केला नाही, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम 504 खाली विक्री होऊ शकते. दहा हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालमत्तेची विक्री मात्र कलम 505 खाली त्याआधीही होऊ शकते. जुन्या दुचाकीच्या मालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

लिलावात वाहन घेणाऱ्याने केवळ पैसे भरल्याच्या पावतीवर समाधान मानू नये. वाहन आपल्या नावावर करण्यासाठी ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत आरटीओकडे नमुना 32 मध्ये अर्ज करावा लागतो आणि त्यासोबत विक्री आदेशाची व लिलावास परवानगी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत लागते. या दोन्ही प्रती वाहन आवाराबाहेर नेण्यापूर्वीच मागून घ्याव्यात, कारण नंतर त्यांच्यासाठी फार हेलपाटे पडतात. जाहिरातीत वाहन भंगार म्हणून विकले जात असल्याची अट असेल, तर ते रस्त्यावर चालवण्याच्या हिशेबाने बोली लावू नये.